पुढच्या दोन दातांमधील फट रुंदावते आहे: बॉंडिंग, व्हिनियर की अलाइनर?

अक्षरवेल (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ३८ वर्षे आहे. वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये मला अगदी लहानपणापासून फट आहे. इतकी वर्षे ती मला कधी खुपली नाही. जुन्या वर्गाच्या छायाचित्रांत मी स्वतःला तिच्यावरूनच चटकन ओळखते. गेल्या दोन-अडीच वर्षांत मात्र ती वाढली आहे असे मला खात्रीने वाटू लागले आहे. पूर्वी तिथे जेमतेम नखाची कड शिरत असे, आता पोस्टकार्डाची दुहेरी घडी सहज जाते. उजवीकडचा दात डावीकडच्यापेक्षा किंचित पुढे आणि कणभर खाली आल्यासारखा दिसतो, आणि 'स'चा उच्चार करताना हवा निसटते हे मला ध्वनिमुद्रणात स्वतःचा आवाज ऐकताना प्रथमच जाणवले.

मी तीन दंतवैद्यांना भेटले आणि तिघांनी तीन वेगळे मार्ग सुचवले. पहिल्यांनी सांगितले की कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे भरण, लावून (यालाच बॉंडिंग म्हणतात) एकाच बैठकीत फट बुजवता येईल आणि त्यासाठी दात घासून बारीक करावे लागणार नाहीत. दुसऱ्यांच्या मते कंपोझिट काही वर्षांत पिवळे पडते, म्हणून पुढच्या चार दातांवर पोर्सेलिनचे व्हिनियर, म्हणजे दर्शनी बाजूला चिकटवायचे पातळ कवच, बसवणे हाच टिकाऊ उपाय आहे. तिसऱ्यांनी आठ ते दहा महिने अलाइनर, म्हणजे दात हळूहळू सरकवणारी, क्रमाने बदलायची पारदर्शक आवरणे, वापरण्याचा सल्ला दिला आणि त्यानंतर दात नव्या जागी धरून ठेवणारा रिटेनर कायमचा घालावा लागेल असेही स्पष्ट केले. तिघेही अनुभवी वाटले आणि तिघांचेही म्हणणे ऐकताना पटत होते. अडचण नेमकी तीच आहे. एकाच तोंडाला तीन बरोबर उत्तरे कशी असू शकतात, आणि असतील तर निवड कशाच्या आधारावर करायची, हे मला समजून घ्यायचे आहे.

एक गोष्ट सांगायला हवी. तिघांनीही फट पट्टीने मोजली, छायाचित्रे घेतली, एकांनी लहानसा एक्स-रेही काढला. पण ती अलीकडेच का वाढली असावी, हे कोणीच विचारले नाही. घासताना अधूनमधून रक्त येते हे मी एकांना सांगितले, तेव्हा मऊ ब्रश वापरा एवढेच उत्तर मिळाले.

दुसरा प्रश्न माझ्या मुलीबद्दल आहे. ती आठ वर्षांची आहे. तिचे पुढचे कायमचे दात नुकतेच आले आहेत आणि त्यांच्यामध्ये माझ्यासारखीच फट आहे. वरच्या ओठाच्या आतल्या पडद्यामुळे हे होते आणि तो लहानपणीच कापून टाकावा असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे. तिच्या बाबतीत मी आत्ताच काही करायला हवे का?

---

दंतमूळ

नमस्कार. मी हिरड्यांच्या विकारांवर उपचार करणारा दंतवैद्य आहे. तोंड प्रत्यक्ष न पाहता निदान करता येत नाही, हे आधीच नमूद करतो. तरीही तुमच्या लिहिण्यातली दोन वाक्ये मला बाकी सर्व तपशिलांपेक्षा महत्त्वाची वाटतात: फट अलीकडे वाढली आहे, आणि घासताना रक्त येते.

लहानपणापासून आहे तशीच राहिलेली फट आणि प्रौढ वयात रुंदावू लागलेली फट या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची कारणे बहुधा घडणीतली असतात. जबडा ऐसपैस आणि दात अरुंद असणे, बाजूचे पटाशीचे दात जन्मतः लहान व निमुळते असणे किंवा मुळातच नसणे, दोन दातांच्या मध्ये हाडात एखादा जादा दात दडलेला असणे, किंवा ओठाला हिरडीशी जोडणारा पडदा म्हणजे फ्रेनम जाड असून तो थेट दोन दातांच्या मधपर्यंत उतरलेला असणे, ही त्यांतली नेहमीची. अशा फटीने कोणतेही नुकसान होत नाही आणि ती आवडत असेल तर तशीच ठेवण्यात काहीही चूक नाही.

वाढत्या फटीचे तसे नाही. दात हाडात सिमेंटने चिकटवल्यासारखा पक्का नसतो. तो बारीक तंतूंच्या आधाराने हाडाच्या खोबणीत झुलता धरलेला असतो. ओठांचा आतल्या दिशेने, जिभेचा बाहेरच्या दिशेने आणि चावताना समोरच्या दातांचा असे दाब त्याच्यावर सतत येत असतात आणि त्यांचा तोल सांभाळून तो आपल्या जागी उभा असतो. हिरडीच्या जुनाट सुजेमुळे मुळाभोवतीचे हाड झिजले की हा तोल बिघडतो, आणि पूर्वी जो दाब दात सहज पेलत असे त्याच दाबाने तो पुढे झुकतो, पसरतो, खाली उतरतो. एकच दात पुढे आणि खाली येणे, हे तुम्ही केलेले वर्णन या चित्राशी जुळते. मागच्या दाढा काढल्या असतील आणि त्या जागी काही बसवले नसेल, तर चावण्याचा सारा भार पुढच्या दातांवर येऊनही हेच घडते. जीभ विश्रांतीच्या वेळी कुठे टेकते हेही पाहावे लागते, कारण गिळतानाच्या क्षणभराच्या जोरदार धक्क्यापेक्षा तासन्‌तास टेकलेल्या जिभेचा हलका दाब दाताला अधिक हलवतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती अशी की, तीनपैकी कोणताही मार्ग निवडण्यापूर्वी सर्व दातांभोवती हिरडीचे पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेची खोली, मोजून घ्या. हे काम मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बोथट सळीने होते आणि त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. १ ते ३ मिलिमीटर खोली निरोगी समजली जाते. ४ आणि त्याहून अधिक खोली, त्यातून मोजताना रक्त आले, तर आधी हिरडीचा उपचार करावा लागतो. सोबत पुढच्या दातांच्या मुळांच्या टोकापर्यंतचे एक्स-रे काढून हाडाची पातळी पाहावी. सुजलेल्या हिरडीत तार किंवा अलाइनरने दात सरकवला तर हाड अधिक वेगाने झिजू शकते. अशा हिरडीच्या कडेला कंपोझिट किंवा व्हिनियर बसवले तर फट वरून झाकली जाते, दात मात्र खालून सरकतच राहतो, आणि वर्षा-दोन वर्षांत शेजारी नवी फट दिसू लागते. असे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांना आधी केलेले काम काढायला सांगताना मलाही वाईट वाटते.

आता तुमचा मूळ प्रश्न. तीन उत्तरे एकाच वेळी बरोबर असू शकतात, कारण ती तीन वेगळ्या परिस्थितींची उत्तरे आहेत. यासाठी एक साधे गणित उपयोगी पडते. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताची रुंदी सरासरीने ८.५ मिलिमीटर आणि उंची १०.५ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे रुंदी उंचीच्या सुमारे ८१ टक्के भरते. ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण डोळ्यांना सहज वाटते. समजा, फट २.५ मिलिमीटर आहे आणि ती कंपोझिटने बुजवायची आहे. प्रत्येक दाताला १.२५ मिलिमीटरची भर घालावी लागेल, रुंदी ९.७५ होईल आणि प्रमाण ९३ टक्क्यांवर जाईल. फट नाहीशी होईल, पण त्या जागी दोन चौकोनी, जड दिसणारे दात उभे राहतील. तेच दात मुळात ७.५ मिलिमीटरचे, म्हणजे अरुंद असतील, तर भर घालून ते ८.७५ होतील, प्रमाण ८३ टक्के येईल आणि काम अगदी नैसर्गिक दिसेल. याचा अर्थ दात लहान असल्यामुळे फट पडली असेल तर दाताला भर घालणे योग्य, आणि दात पुरेसे मोठे असून केवळ जागा सोडून उभे असतील तर ते सरकवणे योग्य. वरच्या आणि खालच्या दातांच्या रुंदीचे परस्परांशी असलेले प्रमाण मोजण्याची पद्धत बोल्टन यांनी १९५८ साली मांडली आणि ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरकवून सरळ करणारे तज्ज्ञ, आजही ती वापरतात. तिसऱ्या डॉक्टरांना ते गणित करून दाखवायला सांगा. कधी कधी दोन्ही मार्ग एकत्र करावे लागतात, म्हणजे आधी दात सरकवून जागा समान वाटायची आणि मग उरलेली थोडी उणीव कंपोझिटने भरायची.

व्हिनियरबद्दल माझे मत थोडे कडक आहे. त्यासाठी दाताच्या दर्शनी बाजूचे साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर एनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाह्य आवरण, घासून काढावे लागते आणि एनॅमल पुन्हा कधीही तयार होत नाही. दाताचा रंग, आकार आणि पृष्ठभाग हे सारेच बिघडलेले असेल तिथे पोर्सेलिनचे व्हिनियर उत्तम काम करते आणि दहा-पंधरा वर्षे टिकते. परंतु धडधाकट चार दात केवळ एका फटीसाठी घासणे मला पटत नाही, कारण व्हिनियर कधी ना कधी बदलावे लागणार आणि त्या वेळी मागे फिरण्याची वाट उरलेली नसणार.

मुलीबद्दल निश्चिंत राहा. सात ते बारा या वयात वरच्या पुढच्या दातांमध्ये फट असणे ही वाढीची नेहमीची पायरी आहे. हाडात वर असलेले सुळे खाली उतरताना बाजूच्या दातांच्या मुळांवर रेलतात, त्यामुळे दातांची तोंडात दिसणारी टोके बाहेर झुकतात आणि मध्ये फट पडते. सुळे तोंडात आले की तेच दात एकमेकांकडे ढकलले जातात आणि २ मिलिमीटरपर्यंतची फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. पुस्तकांत या टप्प्याला 'कुरूप बदकपिल्लाची अवस्था' म्हणतात. मुलांच्या देखत हे नाव मी कधीही उच्चारत नाही. पडदा आत्ता कापू नये. ओठ हलकेच वर ओढल्यावर दोन दातांमधली हिरडी पांढरी पडत असेल तर पडदा खाली जोडलेला आहे असे समजावे. पण तरीही तो सुळे आल्यानंतर आणि शक्यतो दात जवळ आणल्यानंतर कापतात. आधी कापल्यास तिथे तयार होणारा घट्ट व्रण दातांच्याच वाटेत आडवा येतो. फट २ मिलिमीटरहून बरीच मोठी असेल, किंवा एका बाजूचा दात आला आणि दुसऱ्या बाजूचा कित्येक महिने आला नाही, तर मात्र जादा दात दडलेला नाही ना हे पाहण्यासाठी एक एक्स-रे काढावा.

---

निळीशाई

मी डॉक्टर नाही, परंतु हीच फट दोनदा बंद करून घेतली आहे, म्हणून लिहिते.

सोळाव्या वर्षी मला तारा लावल्या होत्या. चौदा महिन्यांत फट पूर्ण मिटली. तारा काढल्या त्या दिवशी डॉक्टरांनी पारदर्शक रिटेनर देऊन रोज रात्री घालायला सांगितले. तीन वर्षे मी तो इमाने घातला. नंतर घर बदलताना त्याची डबी एका खोक्यात राहिली आणि दीड महिन्याने सापडली. मी रिटेनर दातांवर दाबून पाहिला, तेव्हा मागच्या बाजूला तो नेहमीसारखा टक् करून बसला, पण पुढे मात्र दातांच्या कडेवर अधांतरी राहिला. दात इतके ठणकले की मी तो काढून ठेवला आणि 'उद्या घालू' असे म्हणत राहिले. वर्षभरात निम्मी फट परत आली होती.

दुसऱ्यांदा, एकतिसाव्या वर्षी, ऑर्थोडॉन्टिस्टनी मला जे समजावले ते पहिल्या वेळी कोणी सांगितले असते तर मी ती डबी जपली असती. दात सरकला तरी हिरडीतले तंतू जुन्या जागेकडे ओढत राहतात. मुळाभोवतीचे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागेशी जुळवून घेतात, पण हिरडीच्या कडेलगतच्या लवचीक तंतूंना वर्षभरही लागू शकते. मधली फट हा प्रकार तर परत येण्यासाठी प्रसिद्धच आहे. म्हणून या वेळी अलाइनरचा उपचार संपल्यावर पुढच्या दातांच्या मागे एक बारीक तार चिकटवली आहे. ती बाहेरून दिसत नाही. पहिले दोन आठवडे जिभेला सारखी लागत होती, आता तिची आठवणही येत नाही. तिच्या खाली साफ करायला फ्लॉस ओवावा लागतो, जसा सुईत दोरा ओवतात तसा, आणि त्याला रोज रात्री तीन-चार मिनिटे जातात. दर सहा महिन्यांनी तारेचा एखादा टाका सुटला आहे का हेही तपासून घेते, कारण एक टाका सुटला तरी आपल्याला ते कळत नाही आणि तेवढाच एक दात गुपचूप फिरतो.

अलाइनरबद्दल एवढेच सांगेन की दिवसाला २० ते २२ तास घालायचे असे म्हणतात ते अक्षरशः खरे आहे. प्रत्येक संच दाताला जेमतेम पाव मिलिमीटर हलवतो. मी सुरुवातीला दिवसाला पंधरा-सोळा तास घालत होते आणि सहाव्या संचापर्यंत दात मागे पडून अलाइनर नीट बसेनासे झाले. दोन संच मागे जावे लागले. तुम्हाला दिवसभर बोलावे लागत असेल किंवा वारंवार खाण्याची सवय असेल, तर हा विचार आधी करा. तारा काढता येत नाहीत, हा कधी कधी त्यांचा गुणच ठरतो.

जिभेचेही खरे आहे. माझी जीभ गप्प बसलेली असताना दातांच्या मागे टेकून राहत असे आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. आता ती टाळूवर, दातांच्या थोडी मागे ठेवायची सवय केली आहे. सुरुवातीला संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यावर एक लाल टिकली चिकटवली होती; ती दिसली की जीभ कुठे आहे ते पाहायचे.

---

मोरपंख

अक्षरवेल, मी कंपोझिट बॉंडिंग केले आहे आणि त्याला आता सहा वर्षे झाली. माझी फट दीड मिलिमीटरची होती आणि दात अरुंद होते, त्यामुळे दंतमूळ यांनी मांडलेल्या गणितात मी बसत असावे.

कामाला दोन तास लागले आणि भूल द्यावी लागली नाही. त्याआधी डॉक्टरांनी दातांचा साचा घेऊन त्यावर मेणाने नवा आकार घडवून मला दाखवला होता. त्यात मला दात थोडे रुंद वाटले म्हणून त्यांनी कडा गोलसर केल्या. ही पायरी तुम्ही अजिबात टाळू नका, कारण बोटाने दाखवून 'इथे थोडे कमी' असे सांगण्याची संधी तेवढीच असते. प्रत्यक्ष कामात दातांवर निळे आम्ल लावून काही सेकंदांनी धुतले, तेव्हा चकचकीत एनॅमल खडूसारखे पांढुरके दिसू लागले. आम्लाने एनॅमलवर सूक्ष्म खड्डे पडतात आणि त्यांत राळ शिरून घट्ट धरते, असे त्यांनी सांगितले. ही युक्ती ब्युओनोकोर नावाच्या दंतवैद्यांनी १९५५ साली शोधली. मग दोन दातांमध्ये पारदर्शक पट्टी सरकवून कंपोझिटचे पातळ थर एकावर एक चढवले आणि प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक केला.

दिसायला काम सुरेख झाले, पण पुढचे चार महिने मला त्रास झाला. फ्लॉस घातला की प्रत्येक वेळी त्याचे धागे सुटत आणि तिथली हिरडी लाल राही. मला वाटले, नव्या दाताची सवय व्हायला वेळ लागत असेल. दुसऱ्या एका डॉक्टरांनी भिंगातून पाहिल्यावर कळले की हिरडीलगत कंपोझिटची बारीकशी पायरी राहिली आहे. त्यांनी ती दहा मिनिटांत घासून गुळगुळीत केली आणि आठवड्यात हिरडी शांत झाली. म्हणून काम संपल्यावर खुर्चीतून उठण्यापूर्वी फ्लॉस मागून घ्या आणि स्वतः घालून पाहा. तो अडकला किंवा फाटला तर तसे तिथेच सांगा.

देखभालीचा हिशेबही लिहून ठेवते. चौथ्या वर्षी कडांना तपकिरी रेघ आली आणि पॉलिश करून गेली. पाचव्या वर्षी दाताने दोरा तोडताना एक कोपरा उडाला. तो अर्ध्या तासात दुरुस्त झाला, आणि दोरा तोडणे मी सोडले. दात उजळवून घ्यायचे असतील तर ते बॉंडिंगच्या आधी करा आणि मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, कारण उजळवण्याच्या द्रव्याने कंपोझिटचा रंग बदलत नाही आणि उजळवल्यानंतर लगेच कंपोझिट नीट चिकटतही नाही.

---

सांजवात

वरच्या चर्चेत एक गोष्ट आली नाही म्हणून लिहितो. फटीच्या दोन्ही बाजूंच्या दातांना रबर बँड लावून घरच्या घरी फट बंद करण्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरत असतात. माझ्या पुतण्याने, वय वर्षे पंधरा, तो प्रयोग केला. दात खाली रुंद आणि मुळाकडे निमुळता असल्यामुळे रबर हळूहळू वर सरकत जाते आणि हिरडीच्या आत दिसेनासे होते. ते पडून गेले असे त्याला वाटले आणि त्याने दुसरे लावले. तीन आठवड्यांनी दोन्ही दात हलू लागले, तेव्हा हिरडी उघडून दोन्ही रबरे काढावी लागली. त्याचे दात वाचले, पण हाड कायमचे कमी झाले आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी किशोरवयीन मूल असेल तर त्याला हे जरूर सांगा.

---

अक्षरवेल

सर्वांचे मनापासून आभार. तीन महिन्यांनी पुन्हा लिहिते आहे, कारण मधल्या काळात बरेच घडले.

दंतमूळ यांच्या सांगण्यावरून मी हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे जाऊन पॉकेट मोजून घेतले. बहुतेक ठिकाणी २ आणि ३ असे आकडे आले, पण पुढच्या उजव्या दाताच्या फटीकडील बाजूला ६ आणि मागच्या बाजूला ५ निघाले. डॉक्टर आकडे मोठ्याने उच्चारत होत्या आणि सहायक लिहून घेत होत्या. 'दोन, तीन, दोन' असे चाललेले असताना अचानक 'सहा' ऐकले, तेव्हा अंगावर काटा आला. एक्स-रेत त्या दाताभोवतीचे हाड शेजारच्या दातापेक्षा जास्त झिजलेले स्पष्ट दिसले. शिवाय सहा वर्षांपूर्वी डावीकडच्या खालच्या दोन दाढा काढल्या होत्या आणि तिथे मी काहीच बसवले नव्हते. फटीशी त्यांचा संबंध असू शकेल असे मला वाटलेच नव्हते, म्हणून मूळ प्रश्नात तो उल्लेख राहून गेला.

मुळांपर्यंतची खोल सफाई दोन बैठकांत झाली. दहा आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावर ६ चे ४ आणि ५ चे ३ झाले आहेत, रक्त येणे थांबले आहे, आणि मला सर्वांत आश्चर्य याचे वाटले की फट २.५ मिलिमीटरवरून २ वर आली आहे. तो दात सरकवण्याचे काम तर अजून सुरूही झालेले नाही. आता डॉक्टरांच्या मते, ४ चे पॉकेट आणखी सुधारले की दात सरकवायला हरकत नाही. मुलीच्या एक्स-रेत जादा दात दिसला नाही आणि सुळे योग्य वाटेने उतरत आहेत, त्यामुळे तिचे काही करायचे नाही असे ठरले.

माझा शेवटचा प्रश्न असा. सूज उतरल्यापासून दोन दातांमधली हिरडी वर चढली आहे. फट मिटली तरी तिथे हिरडीजवळ काळा त्रिकोण, म्हणजे त्रिकोणी मोकळी जागा, उरेल, असे डॉक्टरांनी आताच सांगून ठेवले आहे. तो टाळता येतो का?

---

दंतमूळ

आकडे वाचून फार बरे वाटले. सूज ओसरल्यावर लहानशी फट थोडी आपोआप मिटते, कारण सुजलेल्या हिरडीचा दाब कमी होतो आणि तंतू पुन्हा दात धरू लागतात.

काळ्या त्रिकोणाबद्दल तुमच्या डॉक्टरांनी आधीच सांगितले हे उत्तम केले. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात त्या बिंदूपासून हाडाच्या कडेपर्यंतचे अंतर ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर मधली हिरडी जवळजवळ नेहमीच ती जागा भरून काढते. टार्नो आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली हे मोजले, तेव्हा ६ मिलिमीटर अंतरावर ती निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे ५६ टक्के ठिकाणीच भरलेली आढळली आणि ७ मिलिमीटरला केवळ २७ टक्के ठिकाणी. तुमच्या बाबतीत हाड झिजले आहे, म्हणून अंतर वाढलेले असणार. हाड पूर्ववत करणे अवघड आहे, पण टेकण्याचा बिंदू हाडाच्या दिशेने नेता येतो. त्याचे दोन मार्ग आहेत. दात त्रिकोणी आकाराचे असतील तर त्यांच्या समोरासमोरच्या कडा एक दशांश ते पाव मिलिमीटर घासून दात आणखी जवळ आणतात, म्हणजे ते बिंदूऐवजी लांब रेषेत टेकतात. किंवा शेवटी हिरडीलगत कंपोझिटची किंचित भर घालतात, आणि तिथे मोरपंख यांनी लिहिलेली फ्लॉसची परीक्षा अत्यंत आवश्यक ठरते. तुमच्या २ मिलिमीटरसाठी बहुधा दोन्हींचा थोडा थोडा वापर होईल.

तार घ्यावी की अलाइनर, यात मी आग्रह धरणार नाही. तुमच्या दाताला हाडाचा आधार कमी आहे, म्हणून बल हलके ठेवणे आणि उपचार चालू असताना दर तीन महिन्यांनी पॉकेट मोजणे याचा आग्रह मात्र धरतो. अलाइनर काढून दात घासता येतात, त्यामुळे हिरडी स्वच्छ ठेवणे सोपे जाते. खाली आलेला दात वर न्यायचा असल्यास ऑर्थोडॉन्टिस्ट तार सुचवू शकतात, तेव्हा ते ऐका. मागची चिकटवलेली तार तुम्हाला कायमची लागेल, आणि ती केवळ दोन दातांना न लावता सुळ्यापासून सुळ्यापर्यंत लावून घ्या. काढलेल्या दोन दाढांच्या जागी काय बसवायचे हे याच उपचाराच्या आराखड्यात ठरवा; ते नंतरसाठी ठेवले तर पुढच्या दातांवरचा भार तसाच राहील.

आणि दात सरकवायला सुरुवात करण्यापूर्वी दातांचा स्कॅन किंवा प्लास्टरचा साचा, पॉकेटचा तक्ता आणि एक्स-रे यांच्या प्रती मागून घरी ठेवा. तिन्हींवर तारीख घाला.